बोटीवरून उतरल्यावर कुणाच्या मागे चालायचं?



मागच्या आठवड्यात मंदिरातून परतताना एका मैत्रिणीने मला थांबवलं. "आम्ही चौघं जूनमध्ये ग्रीसच्या क्रूझला निघालोय. बंदरावर उतरल्यावर बोटीची सहल घ्यायची, की आपलं आपण फिरायचं? तुम्ही जाऊन आलात, म्हणून विचारते." रस्त्यात उभ्या उभ्या उरकण्यासारखा हा विषय नव्हता. "लिहूनच सांगते," म्हटलं. तेच आज लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोट सुटते. रात्री ती चालते, सकाळी एखाद्या बेटाला लागते आणि बहुधा संध्याकाळी निघते. म्हणजे आपल्या हाती सहा ते नऊ तास. बोटीवरच सहलींचा काउंटर असतो. पैसे भरले की छातीवर नंबराचं स्टिकर लागतं आणि झेंडेवाल्या गाइडमागे चालायचं. नाहीतर आपण मोकळे. फक्त संध्याकाळी वेळेत परत यायचं.

आम्हीही चौघंच होतो: आम्ही दोघं, धाकट्या जाऊबाई आणि भावजी. जाऊबाईंचं मत ठाम होतं. "ताई, डोक्याला ताप नको. पैसे गेले तर जाऊ दे, सगळ्या सहली बोटीच्याच घेऊ." माझं मत निघायच्या आधी वेगळं होतं आणि परत आल्यावर तिसरंच झालं.

मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही. पण चाळीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिते आहे. एकरकमी बिल समोर आलं की ते फोडून बघायची मला खोड आहे. बोटीच्या सहलीचं बिलही मी फोडलं, तेव्हा कळलं की एका नावाखाली आपल्याला तीन गोष्टी विकल्या जातात. पहिली, वाहन. दुसरी, माहिती सांगणारा माणूस. तिसरी, हमी, म्हणजे बस अडकली, उशीर झाला, तरी बोट आपल्या सहलीच्या प्रवाशांसाठी थांबते. स्वतःहून गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. आता प्रत्येक बंदराला आपल्याला या तिन्ही गोष्टी लागतात का? माझं म्हणणं एवढंच, की बंदर बघून ठरवावं. सगळीकडे झेंड्यामागे जाणं जसं चुकीचं, तसं सगळीकडे "आमचं आम्ही" म्हणणंही चुकीचंच.

ऱ्होड्सपासून सुरुवात करते, कारण तिथे आम्ही चुकलो.

ऱ्होड्सला बोट जुन्या गावाच्या तटबंदीसमोरच लागते. पाच-दहा मिनिटं चाललं की आपण वेशीच्या आत. चौदाव्या-पंधराव्या शतकात नाइट्स म्हणवणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांनी बांधलेलं हे दगडी गाव आहे आणि १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आम्ही मात्र जाऊबाईंचं ऐकून दिवसभराची सहल घेतली होती. बसने पन्नास किलोमीटरवर लिंडोसला नेलं. ते सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण वाटेत चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात चाळीस मिनिटं थांबवलं. मग ठरलेल्या हॉटेलात ठरलेलं जेवण. दह्याच्या चटणीत लसूण, सॅलडमध्ये कांदा, बाजूला बटाटे, आणि मुख्य ताटलीचं तर नावच नको. आधी कळवलं होतं, पण वाढणाऱ्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. आम्ही दोघींनी पाव, टोमॅटो आणि पिशवीतला खाकरा खाल्ला. आणि ज्या जुन्या गावासमोर बोट उभी होती, ते गाव परतताना बसच्या काचेतून दाखवलं!

बोट सुटायला अजून अडीच तास होते. दोघे पुरुष थकून केबिनमध्ये गेले. मी जाऊबाईंना म्हटलं, "चल, समोरच तर आहे." त्यांनी सवयीने विचारलं, "आणि बरोबर कोण?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण सगळ्याजणी आयुष्यभर विचारत आलोय. यात्रेला संघाबरोबर, सहलीला टूर मॅनेजरबरोबर, बाजारालासुद्धा कुणीतरी बरोबर. तिकिटं यांच्या खिशात, पासपोर्ट यांच्या बॅगेत. त्या दिवशी बोटीचं कार्ड माझ्या गळ्यात होतं, पासपोर्टची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती आणि परत येण्याची वेळ मी हातावर पेनने लिहिली होती. नाइट्सच्या नावाच्या त्या गोट्यागोट्यांच्या रस्त्यावरून आम्ही दोघी वर राजवाड्यापर्यंत गेलो. एका चौकात बसून संत्र्याचा रस प्यायलो. रस्ता एकदा चुकलो आणि एका आजीबाईंनी हातवारे करून तो दाखवला. एक तास पस्तीस मिनिटांत बोटीवर परत. जाऊबाई त्या रात्री यांना आणि भावजींना त्या गल्ल्या अशा काही समजावून सांगत होत्या, की गाइडच जणू!

म्हणून ऱ्होड्सला जुनंच गाव बघायचं असेल, तर वाहन नको, हमी नको, थोडी माहिती घरून वाचून न्या. मिकोनोसचंही तसंच. तिथे मोठ्या बोटी तुर्लोसच्या नव्या बंदराला लागतात. गाव तिथून दोन-अडीच किलोमीटरवर आहे. बंदरावरून बस मिळते, छोटी प्रवासी नावही मिळते. पवनचक्क्या आणि पांढऱ्या गल्ल्या बघायला गाइडची काय गरज? पण तिथून नावेने अर्ध्या तासावर डेलोसचं निर्जन बेट आहे, ग्रीकांच्या अपोलो देवाचं जन्मस्थान. तिथे मात्र सांगणारा हवा. प्राचीन काळी त्या बेटावर कुणी जन्मू नये आणि कुणी मरू नये, असा नियम केला होता. हे कुणी सांगितलं नाही, तर आपल्याला दिसतात ते फक्त पडके खांब.

याहून मोठा धडा मिळाला तो क्रीट बेटावर. बोट हेराक्लिओनला लागते आणि नोसोसचा प्राचीन राजवाडा तिथून साधारण पाच किलोमीटरवर आहे. शहराची २ नंबरची बस थेट दारापर्यंत जाते. ऱ्होड्सच्या अनुभवानंतर आम्ही बसनेच गेलो. भावजी म्हणाले, "आता आत जाऊन बघून येऊ." मी मात्र अडून बसले, की इथे गाइड घ्यायचाच. ग्रीसमध्ये गाइड होण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि असे परवानाधारक गाइड दारातच उभे असतात. दहा-बारा जण जमले की फेरी सुरू होते. आम्हाला एक बाई मिळाल्या.

त्या नसत्या तर आम्ही लाल खांब बघून "काय हो, साडेतीन हजार वर्षांचा रंग अजून कसा टिकलाय!" म्हणत फोटो काढले असते. बाईंनी सांगितलं, की आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकाने १९०० पासून इथे खोदकाम केलं आणि मोडक्या भागांवर सिमेंट-काँक्रीटने आपल्या कल्पनेप्रमाणे खांब आणि मजले उभे केले. यातलं जुनं कुठलं, विसाव्या शतकातलं कुठलं, हे त्या बोट ठेवून दाखवत होत्या. पुढे म्हणाल्या, इथे मातीच्या पाट्या सापडल्या, त्यावरची लिपी कुणाला वाचता येईना. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या आर्किटेक्टने ती उलगडली. सगळ्यांना वाटलं होतं महाकाव्य निघेल. निघालं काय, तर मेंढ्या किती, लोकर किती, तेल किती, कुणाकडून किती यायचं! मी तिथेच हसायला लागले. ग्रीक भाषेतलं सगळ्यात जुनं वाचता आलेलं लिखाण म्हणजे जमाखर्चाची वही! यांनी लगेच टोमणा मारला, "तुझ्यासारखंच कुणीतरी होतं म्हणायचं."

बस, तिकीट आणि गाइड मिळून चौघांचा खर्च बोटीच्या सहलीच्या निम्म्याच्याही आत बसला. वाहन आणि हमी आम्ही विकत घेतली नाही, माहिती तेवढी घेतली. हा तिसरा मार्ग फार जणींना सुचत नाही. जाणं आपलं, सांगणं जाणत्याचं. जेवणही आपल्या मनासारखं मिळालं, कारण हॉटेल आम्ही निवडलं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सगळीकडे आपलं आपणच जावं. थांबा, सँटोरिनी बाकी आहे.

सँटोरिनी म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटाने पोखरलेल्या डोंगराची कड आहे. समुद्र इतका खोल की मोठी बोट धक्क्याला लागत नाही, मध्येच थांबते. छोट्या नावांनी फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात उतरवतात. तिथून गाव दोनशे मीटरहून जास्त उंचावर. वर जायचे मार्ग तीन: केबल कार, सुमारे ५८८ पायऱ्या, नाहीतर खेचर. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या आपण अनवाणी चढतो, त्यामुळे आकड्याला मी घाबरले नाही. पण इथे त्याच पायऱ्यांवरून खेचरांची ये-जा, लिदीने दगड निसरडे, आणि ऊन. खेचराचा तर प्रश्नच नव्हता. २०१८ मध्ये ग्रीस सरकारने त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला १०० किलोची मर्यादा घातली. कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. माझा फोटो चांगला यावा म्हणून त्या मुक्या जिवाने उन्हात दिवसभर डोंगर चढावा, हे आपल्याला पटणारं नाही. सहलीने जा की एकट्या जा, एवढं पाळाच.

वर जाताना केबल कारला वीस मिनिटं रांग होती. बसने इया गाव बघितलं, सगळं छान झालं. परतताना फिराला आलो तर केबल कारची रांग गल्लीतून वळून पार पुढच्या चौकात! त्या दिवशी बेटाशी आणखी तीन बोटी उभ्या होत्या. तास गेला, सव्वा तास गेला. पायऱ्यांनी उतरावं तर यांचे गुडघे. जाऊबाईंनी डोळे मिटून णमोकार सुरू केला. भावजी कुणाशीच बोलेनात. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात एकच: सगळ्यांना मीच भरीला घातलं. शेवटून दुसरी नाव आम्हाला मिळाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बोटीच्या सहलीवाल्यांना नावा बहुतेक दुसऱ्या बंदरात, अथिनिओसला नेतात. तिथून बस त्यांना वर घेऊन जाते, म्हणजे चढतानाची रांग वाचते. उतरताना मात्र तेही बहुधा त्याच केबल कारच्या रांगेत असतात. फरक एवढाच, की त्यांच्या पोटात गोळा नसतो. हमी विकत घ्यायची असेल तर ती इथे घ्यावी. २०२५ पासून या बेटाने दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवली आहे, तरी ते सगळे एका केबल कारपाशी येतात हे लक्षात ठेवा. आणि स्वतः गेलातच, तर शेवटच्या नावेच्या निदान दोन तास आधी रांगेला लागा. सूर्यास्त बोटीच्या डेकवरूनही दिसतो.

आता आपल्या खाण्याबद्दल. "होरिस क्रेमिधी" म्हणजे कांद्याशिवाय, "होरिस स्कोर्दो" म्हणजे लसणाशिवाय, "होरिस मेली" म्हणजे मधाशिवाय. हे मोबाइलमध्ये ग्रीक लिपीत ठेवा आणि दाखवा. "निस्तीसिमो" हा शब्दही पाठ करा. त्यांच्या चर्चच्या उपवासात मांस, अंडी, दूध-दही चालत नाही, त्या पदार्थांना ते हे म्हणतात. उपवासाचं म्हटलं की त्यांना लगेच समजतं. पण त्यात कालवं-झिंगे चालतात आणि कांदा-लसूणही, म्हणून विचारून घ्याच. सँटोरिनीचा फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण, वरचा कांदा न घालता मागा, मात्र शिजवताना घातलाय का तेही विचारा. चौविहार पाळणाऱ्यांना जूनमध्ये अडचण नाही, सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला होतो.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना गर्दीत घाबरायला होतं, त्यांनी सगळ्या सहली बोटीच्या घेतल्या तरी त्यात कमीपणा नाही. डोलीतून शिखरजीची वंदना केली म्हणून ती कुणी कमी मोजत नाही. पण काउंटरवर पैसे भरण्याआधी बिल फोडून बघा: वाहन, माहिती, हमी. आणि निदान एका बंदराला, जिथे बोट गावाच्या दाराशी लागते तिथे, तुम्ही दोघी-तिघीच उतरा. कार्ड स्वतःच्या गळ्यात ठेवा, घड्याळ बोटीच्या वेळेला लावा.

जाऊबाई आता पुढच्या वर्षीची ठिकाणं शोधताहेत. परवा फोनवर म्हणाल्या, "ताई, बंदर गावापासून किती लांब आहे, ते मी आधी बघून ठेवलंय."

जय जिनेंद्र.