अलास्काला जाताय? जहाजावर माणसं किती ते विचारा

मुलगा सिएटलला, मुलगी सॅन होजेला. उन्हाळ्यात तुम्ही दोघं तिकडे जाणार, आणि मुलांनी अलास्काच्या क्रूझचं बुकिंग शोधायला घेतलेलं असणार. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: जहाजावर माणसं किती? तीन-चार हजार असतील, तर ते तरंगतं हॉटेल आहे. जेवणखाण चांगलं असतं, लिफ्ट असते, गुडघे कुरकुरत असतील तर तेच बरं. पण हिमनद्या आणि देवमासे पाहायला जात असाल, तर साठ-सत्तर माणसांचं जहाज बघा. ते बरंच महाग पडतं. दिवस कमी करा, पण तेच घ्या.

मोठ्या जहाजाला ठरल्या वेळी पुढचं बंदर गाठायचं असतं. वाटेत देवमासे दिसले तरी त्याला फार रेंगाळता येत नाही. अलास्कातले बरेचसे हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात असतात, जवळपास उपाशी. उन्हाळ्यात ते उत्तरेला येतात ते खायलाच. कधी कधी काही जण मिळून हेरिंग माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचं कडं करतात आणि जबडे वासून एकदम वर उसळतात. हे बघायचं तर थांबावं लागतं, आणि थांबायला छोट्या जहाजाच्या कप्तानाला सवड असते. शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत मात्र तोही जाणार नाही, कायदाच तसा आहे. ‘जरा जवळ घ्या ना’ म्हणून त्याच्या मागे लागू नका.

ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी मार्गात आहे का, हेही विचारा. १७९४ मध्ये कप्तान व्हँकूवरच्या मोहिमेतली माणसं तिथे पोचली, तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फ उभा होता. आज बर्फाला भेटायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. म्हणून हिमनदी येईपर्यंत केबिनमध्ये डुलकी काढू नका. तोंडाशी स्प्रूसचं दाट जंगल, पुढे नुसती झुडपं, शेवटी उघडा खडक. बर्फ जिथून आधी हटला तिथे रान जुनं. १७९४ च्याही आधी बर्फ पुढे सरकला, तेव्हा इथल्या हूना ट्लिंगिट लोकांना गाव सोडावं लागलं होतं. खाडीच्या तोंडाजवळच्या बार्टलेट कोव्हला २०१६ मध्ये त्यांचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. मोठी जहाजं तिथे लागत नाहीत. छोटं लागणार असेल तर उतरून ते घर पाहाच.

याच खाडीतली जॉन्स हॉपकिन्स हिमनदी हवीच असेल तर तारखा नीट बघा. तिथे बर्फाच्या तुकड्यांवर सील पिलं घालतात, म्हणून मे-जूनमध्ये इंजिनाच्या कोणत्याच बोटीला आत सोडत नाहीत आणि मोठ्या क्रूझना तर ऑगस्टअखेरपर्यंत बंदी. सप्टेंबरमध्ये जाता येतं, पण पाऊस वाढलेला असतो. तसा तो उन्हाळ्यातही पडतोच, आणि आपल्या कोकणातल्यासारखा उबदार नव्हे. छत्री घरी ठेवा. रेनकोट, वरून घालायची रेन-पँट, लोकरी टोपी आणि हातमोजे घ्या. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा.

आणि व्हिसा. परदेशी झेंड्याच्या जहाजांना, १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे, अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणाऱ्या फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. सिएटलहून निघणारी मोठी जहाजं म्हणूनच कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागतात. म्हणजे भारतीय पासपोर्टवर आलेल्या आईवडिलांना कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. अलास्कातल्या जुनोहून निघून जुनोलाच परतणारी अमेरिकन झेंड्याची छोटी जहाजं असतात, त्यांत ही कटकट नाही.

खर्च झेपतच नसेल तर मोठ्या जहाजाकडे वळण्याआधी एक हिशेब करून बघा. जुनोपर्यंत विमान, तिथून गस्टाव्हस गावाला छोटं विमान किंवा राज्य सरकारची फेरीबोट, दोन रात्री मुक्काम, आणि बार्टलेट कोव्हहून दिवसभराची बोट. ही बोट थेट हिमनद्यांपर्यंत जाते. उन्हाळ्यातल्या जागा लवकर भरतात, तेव्हा मुलांना हिवाळ्यातच बुकिंगला बसवा.