एक कोटी वाटसरू की हजार आपली माणसं?

गोष्ट 2024 च्या दिवाळीनंतरची. आमच्या पुढच्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागलेली आणि बाबा तिला टेकून मोबाईल पाहत बसलेले. स्क्रीनवर लाल बाण, डोळे विस्फारलेला एक माणूस आणि मोठ्या अक्षरांत प्रश्न, 'सोयाबीन 7 हजार पार?' आठ मिनिटं व्हिडिओ चालला. त्यातून बातमी काही निघाली नाही.

मी म्हटलं, "बाबा, इकून टाका ना आता."

"थांब ना थोडं. थो मानूस म्हनते भाव येनार हाये म्हनून."

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी दर त्याच्याही खाली होता. बाबा फेब्रुवारीपर्यंत थांबले. भाव आला नाही. शेवटी मिळाला त्या दरात माल दिला.

पण गंमत सांगतो. ज्या दिवशी गाडी भरायची ठरली, त्या दिवशी बाबांनी त्या लाल बाणवाल्याला पाहिलंच नाही. त्यांनी आमच्या भागातल्या एका पोराचा व्हिडिओ लावला. बाजार समितीच्या आवारात उभा राहून हा पोरगा दोन मिनिटांत सांगतो: आज आवक किती, हर्राशीत किमान दर काय, कमाल काय, ओलावा जास्त असेल तर किती कापतात. मागे संगीत नाही, थंबनेल साधं, व्ह्यूज काही शेकडा. लाल बाणवाल्याला लाखो लोक पाहतात. माल विकताना मात्र बाबांनी भरवसा ठेवला तो या पोरावर.

मी मास कम्युनिकेशन शिकलोय, सध्या इंटर्नशिप करतोय. तीन वर्षांत 'व्हायरल कसं व्हायचं' हा विषय इतक्यांदा ऐकला की कान किटले. पण पाहणारा आणि भरवसा ठेवणारा यातला फरक मला कळला तो पोत्यांच्या त्या थप्पीपाशी. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात एखादं चॅनेल किंवा पेज घोळत असेल. त्यांच्यासाठी हा हिशोब मांडतोय.

आधी गणित करू

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला दोन रस्ते आहेत. एक हजार सबस्क्रायबर दोन्हीकडे लागतात. पुढे पहिल्या रस्त्यावर शॉर्ट्सचे 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज हवेत. दुसऱ्यावर वर्षभरात 4,000 तास लोकांनी तुमचे व्हिडिओ पाहिलेले हवेत, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये सरकवत पाहिलेला वेळ यात धरत नाहीत.

4,000 तास ऐकलं की छातीत धडकी भरते. पण भागाकार करा. 4,000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. हजार माणसांत वाटली तर माणशी 240 मिनिटं. म्हणजे दहा मिनिटांचे 24 व्हिडिओ, महिन्याला दोन. तुमचे हजार लोक तुमचा प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारे असतील, तर महिन्याला दोन व्हिडिओंत काम होतं. पहिल्या रस्त्यावर तुम्हाला तीन महिन्यांत मुंबईच्या लोकसंख्येच्या जवळपास जाणारा आकडा गाठायचा आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना उद्या तुमचं नावही आठवणार नाही.

ही कल्पना नवी नाही. केव्हिन केली नावाच्या अमेरिकन लेखकाने 2008 मध्येच लिहिलं होतं की, कलावंताला जगायला लाखो लोक लागत नाहीत, हजार खरे चाहते पुरतात. प्रश्न एवढाच उरतो की, हे हजार लोक कोण? 'सगळ्यांसाठी सगळं' करणाऱ्याला ते सापडत नाहीत. आम्ही मित्रांनी दुसऱ्या वर्षाला असताना एक पेज काढलं होतं. त्यावर क्रिकेट, राजकारण, मीम्स, परीक्षेच्या तारखा, सगळं होतं. चार महिन्यांत बंद पडलं. कारण सोपं होतं. ते पेज नसतं तर कोणाचंच काही अडलं नसतं.

'आपल्यासारखं बोलते ना बे हा!'

आता आपल्या विदर्भातलं उदाहरण घ्या. वर्ध्याचे नितेश कराळे हे स्पर्धा परीक्षेचे मास्तर. त्यांची फिनिक्स अकॅडमी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये क्लास बंद झाले आणि मास्तर ऑनलाइन शिकवायला लागले, तेही ठेठ वऱ्हाडीत. 'कराळे गुरुजी' हे नाव घरोघर गेलं. परीक्षा न देणारेही त्यांना ऐकू लागले.

विचार करा, एमपीएससीचा तोच अभ्यासक्रम तेव्हा किती जण शिकवत होते? पुण्यात तर क्लासच क्लास. मग वर्ध्याच्या मास्तरांकडे लोक का वळले? वाशिम, रिसोड, कारंज्याच्या पोराने आयुष्यभर ऐकलेलं असतं, "नीट बोल, शुद्ध बोल." पुण्यात क्लासला गेलं की 'मले-तुले' तोंडातून निसटतं आणि अख्खी बॅच हसते. अशा पोराला पहिल्यांदा कोणीतरी भूगोल आणि इतिहास त्याच्या घरच्या बोलीत सांगितला. त्यात माहिती होतीच, त्याशिवाय मानही होता. एकनिष्ठ प्रेक्षक तयार होतो तो असा. त्याची एखादी गरज भागते आणि ती भागवताना कोणी त्याला कमी लेखत नाही.

लिपी वेगळी, कान एकच

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी. देशभरातल्या बंजारा समाजाचं हे श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला इथे कुठकुठल्या पासिंगच्या गाड्या येतात, ते एकदा उभं राहून पाहा. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हा दोन दिवस आपण राष्ट्रीय बातम्यांत होतो. मग कॅमेरे गेले.

माझी एक मैत्रीण तांड्यावरची. तिने आजीच्या तोंडून होळीच्या लेंगी रेकॉर्ड केल्या आणि मोबाईलवरूनच टाकल्या. व्ह्यूज फार नव्हते. पण एक दिवस तिला तेलंगणातून व्हॉइस मेसेज आला. अनोळखी बाई गोरबोलीत म्हणत होती की, हेच गाणं माझी आजी थोडं वेगळं म्हणायची, ऐक. आणि तिने गाऊन दाखवलं.

मला यातली खरी गोष्ट कळायला वेळ लागला. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एकाच भाषेची माणसं एकमेकांचं लिहिलेलं वाचू शकत नाहीत. 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यांत तर बंजारी आणि लमाणी-लंबाडी या हिंदीच्या पोटात टाकल्या आहेत. छापील पुस्तक राज्याच्या सीमेवर अडतं, आवाज अडत नाही. व्हिडिओने ही लिपीची भिंतच बाजूला सारली. म्हणजे मानोऱ्याच्या तांड्यावर बसलेल्या पोरीचा प्रेक्षक तीन-चार राज्यांत पसरलेला आहे, आणि त्याच्यासाठी या भाषेत करणारे अजून थोडेच आहेत. जगाला हा समाज 'छोटा गट' वाटेल. पण एखाद्या चॅनेलला केवढा प्रेक्षक लागतो, त्या मापाने पाहिलं तर हा समुद्र आहे.

पण सावध राहा

हे सगळं गुलाबी नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, प्रेम ज्या कामासाठी मिळतं त्याच कामापुरतं असतं. 2020 च्या अखेरीस कराळे गुरुजी नागपूर पदवीधर मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले. प्रसिद्धी शिखरावर होती, मतदार पदवीधर होते, तरी ते हरले. मास्तर म्हणून डोक्यावर घेणारा प्रेक्षक उमेदवार म्हणून मत देईलच, असं नसतं. तुमचा प्रेक्षक तुमच्या खिशात नसतो. तो तुमच्या कामापाशी उभा असतो.

दुसरी, जागा आपली नाही, भाड्याची आहे. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली, आणि गावोगावच्या कित्येक पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे रेसिपीचं चॅनेल हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं, म्हणून आज आजी दिसतात. म्हणून व्हिडिओंची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, पासवर्डला दुहेरी कुलूप लावा, आणि नेहमीच्या प्रेक्षकांशी फोन, ग्रुप किंवा प्रत्यक्ष भेट असा दुसरा एक धागा जोडून ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात जड. भरवसा मिळाला की तो विकायलाही गिऱ्हाईक येतं. छोट्या चॅनेलला जाहिरातीतून मिळणारे पैसे थोडेच असतात. त्यामुळे कोणी बोगस औषध, कोणी शेअर बाजाराची टिप, कोणी 'खात्रीची नोकरी' घेऊन दारात उभं राहतं. मोठ्या चॅनेलवरची जाहिरात लोक सोडून देतात. पण आपल्या माणसाने सांगितलेलं ते करून बसतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या आसपास गेलं होतं आणि नवा माल बाजारात येईपर्यंत निम्म्यावर आलं. त्या दहा हजारांची आठवण अजून प्रत्येक घरात आहे. लाल बाणवाले विकतात ती हीच आठवण. त्यांचंही 'शेतकऱ्यांसाठीचं' चॅनेलच आहे. विषय नेमका, प्रेक्षक नेमका, भाषा आपली. फक्त त्यांचं उत्पन्न आपल्या आशेवर चालतं आणि चुकीची किंमत आपण मोजतो.

म्हणून मला वाटतं, 'कोणत्या गटासाठी करू' एवढं ठरवून भागत नाही. 'मी चुकलो तर कोणाचं नुकसान होईल' हे आधी विचारायला हवं. समितीच्या आवारातल्या त्या पोराकडे याचं उत्तर आहे. तो उद्याचा भाव सांगत नाही. आजचा सांगतो. मागे एकदा त्याने कमाल दर चुकीचा सांगितला, तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओची सुरुवातच "काल माह्याकून चूक झाली" अशी केली. बाबांनी तेव्हापासून त्याला सोडलेलं नाही.

मग करायचं काय?

आपला जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आहे. बाहेरच्या कॅमेऱ्याला आपण दिसतो ते बहुतेक वेळा दुष्काळात, नाहीतर निवडणुकीत. आपल्याबद्दल दुसऱ्याने काय दाखवावं यावर आपला ताबा नाही. आपण एकमेकांसाठी काय करतो, यावर मात्र आहे.

तर चॅनेल काढायच्या आधी कागदावर चार ओळी लिहा. माझा एक प्रेक्षक कोण, त्याचं गाव, वय, काम? त्याचं रोज कुठे अडतं? ते मला खरंच ठाऊक आहे की शोधून सांगू शकतो? आणि महिन्याला दोनदा, वर्षभर, कोणी टाळी वाजवली नाही तरी मी हे करेन का? चौथ्या प्रश्नाला आमचं पेज नापास झालं होतं, म्हणून तो मुद्दाम घातलाय.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. एसटीने रोज कॉलेजला येणाऱ्या मुलींचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीचा फॉर्म नेमका कुठे अडतो ते, वऱ्हाडी म्हणी, कारंज्यातली जुनी घरं, पोलीस भरतीच्या मैदानी सरावाचे दिवस. हजार माणसं यातल्या प्रत्येकाला आहेत. ती आत्ता दुसरंच काहीतरी पाहतायत, कारण त्यांच्यासाठी कोणी करतच नाही.

यंदाही आमच्या पुढच्या खोलीत थप्पी लागलीय. काल रात्री बाबांच्या मोबाईलवर पुन्हा लाल बाण आला, या वेळी आकडा आणखी मोठा. त्यांनी क्षणभर पाहिलं, अंगठ्याने वर सरकवला आणि मला विचारलं, "त्या समितीतल्या पोराचा आला काय बे आजचा?"