पॉइंट बत्तीसचा सोस

परवा वीकेंडला चिपळूणला घरी गेलो होतो. ओटीवर चहा पिताना शाळेतला मित्र म्हणाला, "नेमबाजी शिकणार. जुन्या धाटणीचं पिस्तूल घेणार, आणि घेणार तर पॉइंट बत्तीसच! बावीस म्हणजे पोरखेळ."

पोरखेळ? अरे, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरला सुवर्ण जिंकलं ते बावीसवरच. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं आणली ती तर साडेचार मिलिमीटरच्या एअर पिस्तुलावर!

बत्तीस सेंटर-फायर प्रकारात चालतं, मान्य. पण नवशिक्याला त्याचा झटका आणि आवाज एकदा बसला, की मन आधीच धास्तावतं. चाप हळू दाबायचा सोडून बोट हिसका देतं, नळी झुकते, गोळी खाली. ही खोड सहजी सुटत नाही. वर गोळ्या महाग, म्हणजे सराव कमी.

"पण मोठं भोक रेषेला लागून गुण वाढतो ना?" वाढतो की राव! पण त्यासाठी गोळी रेषेपर्यंत पोचायला हवी. तेव्हा मित्रहो, आधी एअर, मग बावीस. काळ्या वर्तुळात नेम बसू दे, भोक किती मोठं ते नंतर बघू.