साखळी ज्याच्या हाती

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलवताना कोणकोणत्या गोष्टींची काळजी करावी लागते हे या पानावरील बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. लखनौला बदली झाली तेव्हा आमच्या यादीत आणखी एक नाव होते: राजा, वय वर्षे चार, जात लॅब्राडोर. कुत्रा नव्या शहराला माणसापेक्षा लवकर सरावतो. तिसऱ्या दिवशी त्याला गल्लीतील प्रत्येक खांब ओळखीचा झाला होता आणि मला अजून दूधवाला सापडला नव्हता.

पहिले काही महिने त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवण्याचे काम एका तरुण मुलाकडे होते. (त्याचा पगार मी माझ्या खिशातून देत असे, हे सांगून टाकतो, वाचकांत लेखापरीक्षक बरेच आहेत.) राजा बाहेर जाई, हलका होऊन परत येई, आणि मधल्या वीस मिनिटांत काय घडले याची चौकशी मी कधी केली नाही. पुढे जुलैत तो मुलगा धानाच्या लावणीसाठी गावी गेला आणि साखळी माझ्या हाती आली.

पावसाळ्यातील ती सकाळ मला चांगली आठवते. गोमतीनगरच्या आमच्या वसाहतीच्या रस्त्यावर राजाने दोन गिरक्या घेतल्या, पाठ वाकवली आणि तो बसला. अशा वेळी कुत्र्याचा मालक काय करतो हे पाहण्यासारखे असते. तो आकाशाकडे पाहतो, घड्याळ पाहतो, दूरवरच्या एखाद्या इमारतीचे बांधकाम कुठवर आले ते निरखतो. मीही तेच केले. राजा उठला, मी चालू लागलो. मागून आवाज आला, "साहब, कुत्ता आपका, तो गंदगी हमारी कैसे?"

रस्ता झाडणारी बाई होती. पन्नाशीची असावी. आवाजात राग नव्हता, हेच मला अधिक लागले. तिच्या पायांत चपला होत्या, हातांत मोजे नव्हते, आणि झाडूच्या फटकाऱ्याने ती ओली घाण उचलली जाणार नाही, फक्त पसरेल, हे मला त्या क्षणी प्रथमच समजले. मी काहीतरी पुटपुटलो आणि निघून आलो. अर्थशास्त्रात एम. ए. करून, तीस वर्षे फायलींवर टिपणे लिहून, त्या एका वाक्याला उत्तर माझ्याजवळ नव्हते. अजूनही नाही.

विद्यार्थिदशेत आम्ही रोनाल्ड कोसचा 1960 सालचा सामाजिक खर्चावरील प्रसिद्ध निबंध वाचला होता. त्याचे सार ढोबळमानाने असे की, हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर एकाच्या कृत्याचा दुसऱ्याला होणारा उपद्रव दोघे परस्पर बोलून मिटवू शकतात. गिरणीचा धूर आणि शेजारचे धोबीघाट हे अशा चर्चेतील नेहमीचे उदाहरण. पण या वाटाघाटीसाठी दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसू शकले पाहिजेत. कंत्राटावर झाडणारी बाई आणि वसाहतीत राहणारा अधिकारी यांच्यात टेबलच नसते. ती एक वाक्य बोलली, तेही धाडसच. उपद्रवाचा खर्च मग सर्वांत कमी बोलू शकणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडतो, आणि तिथे तो कोणाच्या हिशेबात दिसत नाही.

यावर प्रशासकाचे ठरलेले उत्तर म्हणजे दंड. मीही त्याच मार्गाने गेलो. त्या वर्षी वसाहतीच्या रहिवासी समितीचे काम माझ्या गळ्यात पडले होते. मी एक परिपत्रक काढले: पाळीव प्राण्याची विष्ठा मालकाने उचलावी, अन्यथा दंड. भाषा उत्तम होती, असे अजूनही वाटते. वर्षभरात एक रुपयाही जमा झाला नाही. दंड वसूल करायचा कोणी? फाटकावरच्या चौकीदाराने? ज्याला दिवाळीची बक्षिशी आमच्याकडूनच मिळते?

मागाहून असेही ध्यानात आले की असा दंड बसवण्याचा अधिकारच आम्हाला नव्हता. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 मध्ये रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे की मालकांना विष्ठा उचलण्याची विनंती करावी, परंतु तसा कायदा किंवा स्थानिक उपविधी नसेल तर संघटनेने आपल्या मनाने सक्ती किंवा दंड करू नये. नेमून दिलेल्या जागेचा प्रयोग करून पाहावा, असेही त्यांत सुचवले आहे. परिपत्रक काढण्यापूर्वी त्या विषयावर आधीची परिपत्रके पाहावीत, हे मी प्रशिक्षणार्थींना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

जिथे उपविधी आहे तिथे तरी काय दिसते? बृहन्मुंबई महानगरपालिकेने 2006 मध्ये केलेल्या स्वच्छता उपविधींत मालकाने रस्त्यावरील घाण तत्काळ उचलावी आणि शक्यतो स्वतःच्या घरच्या मलनिःसारणातून तिची विल्हेवाट लावावी, अशी स्पष्ट तरतूद होती. न केल्यास 500 रुपये दंड. तरतूद शहाणपणाची होती. पण समजा, हजार वेळा घाण टाकून एकदा कोणी पकडला गेला, तर एका फेरीचा सरासरी दंड होतो 50 पैसे. वाकण्याचे कष्ट त्याहून महाग आहेत. दंडाची रक्कम वाढवून हे गणित फारसे सुधारत नाही, कारण रक्कम वाढली की वसूल करणाऱ्याचा हात अधिक कचरतो आणि तडजोडीचा भाव तेवढा वाढतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे 1978 च्या ऑगस्टपासून मालकाने कुत्र्याची घाण उचलण्याचा कायदा लागू झाला. त्या वेळी अनेकांनी त्याची टर उडवली, आणि पोलिसांना यापेक्षा महत्त्वाची कामे आहेत असे म्हटले. तरी हळूहळू तो रुजला; पोलिसांपेक्षाही शेजाऱ्यांच्या नजरेमुळे रुजला. पॅरिसने उलट मार्ग धरला. विष्ठा शोषून घेणाऱ्या मोटारसायकली पालिकेने रस्त्यांवर सोडल्या. खर्च अफाट झाला, घाण फारशी हटली नाही, आणि 2004 मध्ये ती फौज मोडीत काढून मालकांनाच जबाबदार धरण्यात आले. सरकार उचलते आहे म्हटल्यावर मालक कशाला वाकेल?

आपल्याकडे पॅरिसच्या मोटारसायकलीचे काम माणसे करतात, आणि ती कोणत्या समाजांतून येतात हे सांगायला नको. येथे प्रश्न स्वच्छतेचा राहत नाही. वाकणे आपल्याला जड जाते ते पाठदुखीमुळे नव्हे. आमच्या मजल्यावरील एक सद्गृहस्थ, फार सुशिक्षित, मला म्हणाले, "आप खुद उठाते हैं? किसी से कह दिया कीजिए।" हे 'कह दिया कीजिए' म्हणजे आपल्या प्रशासनाचे सूत्रच आहे. मे 2022 मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये एका सनदी अधिकाऱ्याच्या कुत्र्याच्या फेरफटक्यासाठी खेळाडूंना सराव लवकर आटोपावा लागतो, अशी तक्रार झाली आणि पतिपत्नींच्या बदल्या लडाख व अरुणाचलला झाल्या. तेव्हा कार्यालयात सगळे हळहळत होते, काही खेळाडूंसाठी, काही अधिकाऱ्यासाठी. कुत्रा बसल्यावर तेथे कोण वाकत असेल, असा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मराठी माणसाला याबाबतीत अज्ञानाची सबब देता येत नाही. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत, हे आपण शाळेत शिकतो. त्याहून कमी स्मरणात राहिलेले नाव अप्पासाहेब पटवर्धनांचे. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावे असा आग्रह धरला. सरकारने नकार दिला, त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरमध्ये त्यांच्यासाठी उपोषण केले. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही, ही सरकारी नियमाची अडचण होती! पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी आयुष्य याच कामात घालवले. त्यांच्या शेजारी माझ्या राजाची विष्ठा म्हणजे काय मोठेसे? पण त्या पहिल्या दिवशी कागद घेऊन वाकताना मी आधी मागेपुढे पाहिले, कोणी ओळखीचे तर नाही ना म्हणून. हे लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो.

हरकती येतात. पहिली नेहमीची: भटक्या कुत्र्यांची आणि गाईंची घाण कोण उचलतो? खरे आहे, ती आहे, आणि तो पालिकेचा वेगळा प्रश्न आहे. शेजाऱ्याने कर बुडवला म्हणून माझे विवरणपत्र रद्द होत नाही. दुसरी हरकत अशी की शेणासारखेच हेही मातीत मिसळून जाते. तसे नाही. कुत्र्याच्या विष्ठेत गोलकृमी व अंकुशकृमी यांची अंडी असू शकतात. गोलकृमीच्या अंड्यांत संसर्गाची क्षमता यायला मातीत दोनेक आठवडे लागतात आणि मग ती दीर्घकाळ टिकतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. म्हणजे ताजी घाण लगेच उचलणारा फारसा धोका पत्करत नाही. धोका आठवडाभराने तेथे खेळणाऱ्या मुलाला आणि मोज्यांशिवाय झाडणारीला असतो. उरलेले पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून गोमतीत.

लखनौत कुत्र्यांविषयी चर्चा होते ती चावण्याची. जुलै 2022 मध्ये कैसरबाग भागात घरच्याच पिटबुलने एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला, त्यानंतर पालिकेने परवान्यांची मोहीम कडक केली. ते योग्यच झाले. (पं. भातखंड्यांच्या संगीत महाविद्यालयामुळे कैसरबागेशी मराठी मनाचा जो संबंध आहे, त्याला हे नवे स्मरण जोडले गेले हे दुर्दैव.) मात्र परवाना देताना मालकाच्या हाती घाण कशी उचलावी याचा एक कागदही दिला, तर त्याला खर्च किती येईल?

असो. अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. कुत्र्याचे पोट त्याच्या जेवणाच्या घड्याळावर चालते. खाल्ल्यानंतर वीस-तीस मिनिटांत बहुतेकांना जावेसे वाटते. म्हणून जेवणाच्या वेळा पक्क्या कराव्यात आणि बाहेर पडताच रोज त्याच एका कोपऱ्यावर न्यावे, मग फिरायला. आधीच्या वासामुळे त्याला जागा ओळखता येते. त्याचे झाले की लगेच घरी परतू नये; फिरणे संपते हे कळले की हुशार कुत्रा मुद्दाम लांबवतो. राजाने मला असे दोन महिने फसवले. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. पिशवीऐवजी मी जुने वर्तमानपत्र वापरतो. तो पाठ वाकवू लागला की कागद खाली सरकवायचा, घडी करून घरी आणायचे, विष्ठा संडासात टाकून पाणी सोडायचे, कागद वेगळा. प्लास्टिकात गाठ मारून कचऱ्याच्या डब्यात टाकले तर कचरा निवडणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात ती पिशवी फुटते, आणि आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो.

परिपत्रक मी मागे घेतले. समितीने फाटकाजवळच्या कोपऱ्यात वाळू टाकून एक जागा करून दिली, खिळ्याला वर्तमानपत्रांचा गठ्ठा अडकवला. वसाहतीत नऊ कुत्री आहेत. आज चार घरांतून मालक स्वतः उचलतात, दोन घरांतून नोकर, तीन घरे अजून आकाशाकडे पाहतात. तो मुलगा गावाहून परत आला तेव्हा मी त्याला दुसरे काम दिले. साखळी माझ्याकडेच ठेवली. झाडणाऱ्या बाईचे कंत्राट बदलले, ती आता दुसऱ्या प्रभागात असते असे कळले. नवी आलेली मुलगी मोजे घालते. ते तिला कंत्राटदाराने दिलेले नाहीत. तिने स्वतः विकत घेतले आहेत.