आधी गवत, मग गॅलरी

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. ब्राझील आणि इंग्लंडचा उपांत्य सामना गुवाहाटीला व्हायचा होता. स्टेडियम सजलं होतं, तिकिटंही विकली गेली होती. पण पावसानं मैदानाची वाट लावली आणि सामना तोंडावर आलेला असताना फिफानं तो कोलकात्याला हलवला. त्याच दिवशीचा दुसरा उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठरल्याप्रमाणे पार पडला.

नाशिकमध्ये फुटबॉलसाठी मोठं स्टेडियम हवं असं म्हणणाऱ्यांना मी आवर्जून हे उदाहरण देतो. स्टेडियम सुधारलं तर मोठ्या स्पर्धा मिळतात का? मिळतात. पण सुधारणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं खुर्च्या, छत आणि कमान येते, आणि सामना अडतो तो गवतावर.

१०५ बाय ६८ मीटरच्या त्या हिरव्या पट्ट्याखाली वाळू-खडीचे थर आणि पाणी काढून देणाऱ्या नळ्या लागतात. नाशिकच्या काळ्या मातीत तर हे काम आणखी काटेकोर व्हायला हवं, कारण ती पावसाचं पाणी धरून ठेवते. शिवाय एका स्टेडियमनं भागत नाही. पाहुण्या संघांना सरावाला तशीच मैदानं द्यावी लागतात. २०१७च्या त्या स्पर्धेसाठी नवी मुंबई महापालिकेनं नेरूळचं यशवंतराव चव्हाण मैदान सरावासाठी तयार केलं होतं.

तयारी असली की संधी कशी चालून येते, हे २०२२च्या महिला आशियाई चषकानं दाखवलं. भुवनेश्वर आणि अहमदाबाद ही आधी ठरलेली केंद्रं होती. कोरोनामुळं संघांचा प्रवास कमी करायचं ठरलं आणि त्यांच्याऐवजी अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरिना आणि पुण्याचं बालेवाडी पुढं आलं. नवी मुंबई होतीच. तिन्ही मैदानं एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर होती आणि वापरातली होती. बालेवाडीचं संकुल उभं राहिलं १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. ते टिकवून ठेवल्याचं फळ अठ्ठावीस वर्षांनी असं पदरात पडलं.

याच्या उलट ब्राझीलमधलं मनौस. २०१४च्या विश्वचषकासाठी तिथं चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं, विश्वचषकाचे चार सामने झाले, आणि शहरात वरच्या साखळीत खेळणारा एकही संघ नसल्यानं पुढं एवढ्या गॅलऱ्या भरायच्या कशा हा प्रश्न उरला. कोल्हापुरात हा प्रश्न पडत नाही. तिथं तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. २०१७च्या भारतीय संघातला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा.

नाशिकला हे जमणारं आहे. जानेवारी २०२५मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर झाला. भव्य पक्कं स्टेडियम नसताना रणजी आली, कारण खेळपट्टी जपणारी माणसं इथं होती. फुटबॉलला असं जपलेलं मैदान मिळालं, तर संतोष करंडकाचे गटसामने किंवा ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा मागायला आपण उजळ माथ्यानं जाऊ शकू. मुंबईत मोठी स्पर्धा असेल तेव्हा सराव शिबिरासाठी संघ इथं यावेत, असं हवामान आणि असा रस्ता आपल्याकडं आहे.

सतरा वर्षांखालच्या त्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबर २०१७ला, राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांच्या पायी फुटबॉल देण्याचा उपक्रम झाला होता. तो दिवस सुंदर होता. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी खेळायचं कुठं? सभा, प्रदर्शनं आणि फटाक्यांचे गाळे यांतून मैदान मोकळं झालं की त्यावर खड्डे आणि खिळे उरतात. माझा राग आहे तो यावर.

सिंहस्थासाठी २०२७ डोळ्यांपुढं ठेवून शहरात रस्ते-पुलांवर मोठा खर्च होतो आहे. त्याच्या तुलनेत दोन मैदानांचा निचरा, गवत, दिवे, मुलींसाठीही स्वच्छ कपडे बदलायच्या खोल्या आणि दोन-चार कायमचे माळी हा खर्च किरकोळ आहे. महापालिकेनं पुढच्या अंदाजपत्रकात या कामाला स्वतंत्र तरतूद करावी, देखभालीचे पैसे दरवर्षी वेगळे ठेवावेत, आणि या दोन मैदानांवर खेळाखेरीज दुसऱ्या कशालाही परवानगी मिळणार नाही असा ठराव करावा. आधी जिल्ह्याची लीग मुला-मुलींसाठी सलग काही वर्षं त्या गवतावर चालू द्या. गॅलरी किती मोठी बांधायची, ते तिथं जमणारी गर्दी बघून ठरवता येईल.