रूपवंतांचे संवर्धन

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते खास विमानाने भारतात आले. त्या विमानाच्या तोंडावर चित्र मात्र रंगवले होते वाघाचे. लग्न एकाचे आणि फ्लेक्सवर फोटो आमदाराचा, तशातला प्रकार. पुढे या चित्त्यांना नावे सुचवण्याची देशव्यापी स्पर्धाही झाली. गिधाडाच्या बारशासाठी अशी धावपळ कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

गिधाडाची अडचण उघड आहे. बोडके डोके, वाकडी मान आणि मेलेल्या ढोरात तोंड खुपसायची सवय. विजय तेंडुलकरांना एका हावरट कुटुंबावरच्या नाटकासाठी हाच पक्षी आठवला; वास्तविक तो बिचारा स्वतः सहसा कुणाला मारत नाही. मारला गेला तो तोच. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात गेला की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद झाले, मेलॉक्सिकॅमचा पर्यायही हाताशी होता. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनणाऱ्या असेक्लोफेनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडले. वाघाबाबत एवढी सवड कुणी घेतली असती का?

वाघ राखला की जंगल राखले जाते आणि त्यासोबत बाकीचे जीवही, हे यावरचे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही. पण गिधाडाचा संसार मुख्यतः गावाबाहेर, मेलेली ढोरे टाकतात तिथे होता. तो मोडल्यावर ढोरे कुजत पडली, पाणी नासले, भटकी कुत्री माजली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात त्यापायी देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली. पारशी लोक आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत त्या मुंबईच्या डुंगरवाडीत तर गिधाडांचे काम सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांवर सोपवावे लागले.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. म्हणजे अखेर वाघाच्याच ओसरीवर. जिप्सीतल्या पर्यटकांनी त्यांच्यासाठी मान वर करावी ही अपेक्षा नाही. तेवढ्यात वाघीण रस्ता ओलांडून गेली तर पैसे कोण परत देणार? पण गिधाडाला प्रकल्पाची हद्द कळत नाही. ताडोबात आणलेल्यांपैकी एक तर उडत थेट तमिळनाडूत पोहोचले. वाटेत त्याने कोणत्या गावचे ढोर खाल्ले आणि त्या ढोराला कोणती सुई टोचली होती, यावर त्याचे जगणे ठरते. तेव्हा वनखात्याच्या गस्तीइतकीच गरज आहे ती तालुक्याच्या औषध दुकानांतली कपाटे तपासण्याची. अडचण एवढीच, की त्या तपासणीचे छायाचित्र कुणी कॅलेंडरवर छापणार नाही आणि तिच्या उद्घाटनाला कुणी मंत्रीही येणार नाही.