चालत्या यंत्राचा मृत्युदाखला

आंबिवली स्टेशनात उतरून मोहन्याकडे चालू लागा. झेरॉक्स, लॅमिनेशन, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा फलक लावलेल्या हातभर दुकानांत जो संगणक चालतो, तो बहुधा नव्या खोक्यातून आलेला नसतो. मुंबईतल्या एखाद्या ऑफिसने काढून टाकलेला, सेकंडहँड घेतलेला, सहाव्या नाहीतर सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह. आठ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेली एसएसडी. सातबारा यावरच निघतो, शिष्यवृत्तीचा अर्ज यावरूनच जातो, पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही इथेच होतो. यंत्र धडधाकट आहे. आणि त्याच्याच पडद्यावर सूचना झळकते, की हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हाताऱ्यांची हयात सिद्ध करून देणाऱ्या यंत्राला रेडमंडच्या मायक्रोसॉफ्ट-साहेबांनी मृत्यूचा दाखला फाडून दिला आहे!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-अपडेट्स थांबवली. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण कशी? तीस डॉलर मोजा, नाहीतर आपली सेटिंग्ज कंपनीच्या खात्यावर चढवा, नाहीतर तिचे हजार रिवॉर्ड पॉइंट खर्ची घाला. ऑफिसांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे एकसष्ट डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तेही तीनच वर्षे. युरोपात ग्राहक संघटनांनी डोळे वटारताच तिथल्या ग्राहकांना हेच वर्ष पैशांशिवाय आणि बॅकअपच्या अटीशिवाय मिळाले. आमच्या ग्राहक खात्याने कोणाकडे डोळे वटारले? आमच्या संघटनांनी कुठे आवाज चढवला? आम्ही मुकाट्याने ‘नंतर आठवण करा’चे बटण दाबत बसलो.

जुन्या यंत्रांना कायम कवटाळून बसा, असे आम्ही म्हणत नाही. जुना प्रोसेसर सांभाळायचा म्हणजे त्याच्यासाठी वेगळा कोड ठेवायचा, प्रत्येक बदलानंतर तो तपासायचा, त्यातली भोके बुजवायची. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स ही मुक्त प्रणाली लिहायला घेतली ती ३८६ प्रोसेसरवर. आणि त्याच ३८६ चा आधार लिनक्सने २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकला. पण तो प्रोसेसर बाजारात आला होता १९८५ साली! सत्तावीस वर्षे गेली होती. पुढच्या प्रोसेसरांत असलेल्या काही आज्ञा त्याला मुळातच येत नव्हत्या, आणि त्याच्यापायी इतरांचे काम अडत होते. कारण उघड्यावर मांडले गेले, कोड कोणालाही वाचता येत होता, ज्याला हवी त्याला जुनी आवृत्ती घेऊन चालवायची मुभा होती. याला निर्णय म्हणतात.

आता दुसरा नमुना पाहा. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचे अंग हवे, असे सांगण्यात आले. ठीक. पण सातव्या पिढीच्या बहुतेक संगणकांत ती सोय फर्मवेअरमध्ये आहेच. बायोसमध्ये जाऊन चालू करायची, एवढेच. तरीही ती पिढी मान्य प्रोसेसरांच्या यादीबाहेर. विंडोज ११ आले २०२१ च्या ऑक्टोबरात आणि ही पिढी डेस्कटॉपवर आली २०१७ च्या जानेवारीत. पाच वर्षेही पुरी झाली नव्हती! त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिच्यातले मोजके प्रोसेसर तेवढे आत घेतले गेले. त्यांत एक होता आय-सेव्हन ७८२०एचक्यू. हा कुठे बसवलेला होता? खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१८ साली बाजारात आणलेल्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये. आपला तो बाब्या आणि मोहनेकराचे ते कार्टे! याला तांत्रिक निकष म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

रिक्षा किती वर्षे चालवायची, हे परिवहन खाते ठरवते. नियम छापलेला असतो, मुदत आधी कळते, युनियनला भांडता येते. संगणकाच्या बाबतीत मुदत ठरवणारा आणि नवा माल खपला की नफा मोजणारा एकच, आणि दाद मागायला खिडकी नाही. २००९ साली मोहन्यातली एनआरसी कंपनी बंद पडली. कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले, पण निदान कोणाशी भांडायचे हे मोहन्याला ठाऊक होते. इथे तेही नाही.

यात आमचा शहाणपणाही तपासून घेऊ. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या नावाने लाखो मराठी मुलांना संगणक शिकवला गेला, तो विंडोज आणि ऑफिस म्हणजेच संगणक अशा थाटात. तिकडे केरळने सरकारी शाळांतले संगणक केव्हाच मुक्त प्रणालीवर नेले आणि शिक्षकांनाही त्यात तयार केले. आमचा विद्यार्थी ‘स्टार्ट’चे बटण जागेवर नसले की हात टेकतो. प्रमाणपत्र मात्र फ्रेम करून भिंतीवर!

‘मग लिनक्स टाका ना’, असे पुण्यातल्या वातानुकूलित खोलीतून सांगणे सोपे आहे. दुकानदाराचे निम्मे काम ब्राउझरमध्ये होते, तिथे ते चालेलही. पण बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर बहुधा विंडोजपुरता, डिजिटल सहीच्या डोंगलचे तेच रडगाणे, आणि जुने मराठी मजकूर श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टांत अडकलेले. ही गाठ मायक्रोसॉफ्टने एकटीने मारलेली नाही; मान्यता देताना ड्रायव्हरची चौकशी न करणाऱ्या आमच्या सरकारी खात्यांनीही तिला हातभार लावला. आणि अपडेट नसलेला संगणक तसाच चालू ठेवावा म्हटले, तर २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने अपडेट न घेतलेल्या यंत्रांची काय दशा केली ते जगाने पाहिले आहे. तेव्हा तीन वर्षांपूर्वी निकालात काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने रातोरात पॅच काढला होता. म्हणजे मनात आले की जमते!

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. सरकारी खरेदीच्या प्रत्येक निविदेत शेवटचे यंत्र पोहोचल्यापासून किमान दहा वर्षे मोफत सुरक्षा-अपडेट्सची अट हवी. जी कंपनी चालते यंत्र यादीबाहेर काढील, तिने कोणत्या सर्किटापायी किंवा कोणत्या आज्ञेपायी ते काढले, याचे कारण जाहीर करावे. आधार आणि डिजिटल सहीसाठी मान्यता मागणाऱ्या प्रत्येक उपकरणाबरोबर लिनक्सचा ड्रायव्हर आलाच पाहिजे; नसेल तर मान्यता नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने आपल्या शाळांतले आणि प्रभाग कार्यालयांतले विंडोज १० वाले संगणक किती, त्यांतले भंगारात काढायचे किती आणि मुक्त प्रणालीवर न्यायचे किती, हा तक्ता नव्या खरेदीचा ठराव आणण्याआधी महासभेपुढे ठेवावा. मोहन्याच्या नगरसेवकांनी तो मागून घ्यावा.